मूळचा ऐदी

ऐदी म्हणे! मला! अहो, अग्निशमन दलात अठरा वर्षं काढली मी, दोनदा भुवया जळून परत उगवल्या, आणि हा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, जेवायला येतो, तिसऱ्यांदा वाढून घेतो आणि माझ्या मुलीदेखत म्हणतो, ‘दाजी, तुमची मजा आहे बुवा, पडल्या पडल्या पगार, एकदम ऐदी माणूस तुम्ही!’

पोरगी दुसरीत. तिनं विचारलं, ‘मामा, ऐदी म्हणजे?’ ‘आळशी गं, बाळा.’ तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तुम्हाला सांगतो, तिथं लागलं मला.

ऐदी म्हणे... चोवीस तास ड्यूटी, मग चोवीस तास सुट्टी, मग माणूस घरी झोपलेलाच दिसणार ना? परवा गाद्यांचं गोदाम पेटलं, तो कापूस वरनं विझतो नि आतनं धुमसतो, नऊ तास पाण्याचा पाइप धरून उभा होतो, तेव्हा कुठं होता हा? आणि आम्ही स्टेशनात बसलोय म्हणजे तुमचं घर जळत नाहीये, एवढं तरी कळावं की नाही माणसाला?

डोकं इतकं फिरलं की सुट्टीची झोप मोडून वाचनालयात गेलो, जाडजूड शब्दकोश काढला. काय निघालं माहितीये? ऐदी म्हणजे मुळात अहदी! बादशाहाचे खास शिपाई, कुठल्या सरदाराच्या हाताखाली नाहीत, थेट बादशाहाचे. एरवी घरी बसायचं, अगदी गळ्याशी आलं की यांना बोलवायचं. लोकांनी बसलेले तेवढे बघितले नि शब्दाची माती केली!

धावत घरी आलो, पोरीला सगळं सांगितलं. तिचे डोळे हे एवढे झाले. ‘म्हणजे बाबा, तुम्ही ते?’ म्हटलं, ‘तेच!’ जिंकलो की हो!

तिसऱ्या दिवशी, माझ्या पुढच्या सुट्टीला, वर्गात बाईंनी विचारलं, कोणाचे बाबा काय करतात. आमची उभी राहिली, ताठ मानेनं, खणखणीत आवाजात, ‘माझे बाबा मूळचे ऐदी आहेत.’

शाळा सुटताना मी फाटकाशी उभा. बाई जवळ आल्या, आवाज बारीक करून म्हणाल्या, ‘मनाला लावून घेऊ नका हो. एखादं छोटंसं काम धरा, हळूहळू सवय होईल.’

पोरगी माझा हात धरून अशी ऐटीत उभी... काय सांगणार?

म्हटलं, ‘बघतो, बाई.’