उरलेली अर्धी गोळी

वॉर्डाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी स्वेटर विणणारी आई आणि लॅबमध्ये काम करणारी तिची मुलगी बसल्या होत्या.

"तो विषाणू तुझ्या दादाच्या किडनीत करतो तरी काय?"

"तुझी दोन पदरी लोकर पिळलेली असते ना, आई? विषाणूचा डीएनए तसाच असतो. त्याचं एक प्रथिन त्या धाग्याला अंगठीसारखं धरतं आणि पीळ सोडवत पुढे सरकतं. सुटलेल्या पदरांच्या नकला होत जातात. एकाचे हजार झाले की पेशी फुटते."

"किडनी तर मी दिलेली. म्हणजे माझ्यातूनच गेला."

"बहुतेकांच्या अंगात तो लहानपणापासून निजलेला असतो गं."

"मग तिथेच कसा उठला?"

"शरीराने तुझी किडनी नाकारू नये म्हणून दादाला गोळ्या आहेत. त्यांनी अंगातला पहारासुद्धा झोपतो. म्हणून तर डॉक्टरांनी महिन्यापूर्वी गोळी अर्धी केली. तरी विषाणू वाढलाच. का, ते त्यांनाही कळेना."

आईच्या सुया थांबल्या.

"विणायची का थांबलीस?"

"अर्ध्या गोळीने कसं भागणार, असं वाटलं मला. माझी किडनी त्याच्या अंगाने टाकून दिली असती तर?"

"आई, तू काय केलंस?"

"अर्धी त्याच्या हातावर ठेवायचे. उरलेली कुटून दुधात घालायचे."

"आणि तो प्यायचा?"

"कडू लागतं म्हणायचा. मी रागावून पाजायचे."