धाप सांगायची नाही

हृदयाच्या तपासणीच्या खोलीबाहेर म्हातारा आपल्या नंबराची वाट बघत बसला होता. शेजारी एक सुतार आणि त्याची बायको हळू आवाजात बोलत होते.

"आत धाप लागते म्हणून सांगायचं नाही," सुतार म्हणाला.

"का?"

"आतड्यातल्या गाठीचं ऑपरेशन पुढे ढकलतील."

"ढकलू दे की. डॉक्टरच म्हणाले ना, त्या कॅन्सरच्या गाठीतून काहीतरी रक्तात सुटतं आणि हृदयाची झडप ताठ होते?"

"गाठ आतड्यात आणि झडती हृदयाची. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"चार पावलं चाललं की भात्यासारखा वाजतो तुमचा संन्यासी."

"म्हणून तर लवकर आलो. बसून दम जिरवला की रिपोर्ट चांगला येईल."

"म्हणजे किडलेल्या दाराला रंग फासून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं."

"मी असलं काम कधी केलं नाही."

"मग आज कशाला करताय?"

सुतार म्हाताऱ्याकडे वळला. "काका, तुम्हीच समजवा हिला. बायकांना सगळंच सांगायची घाई."

"आमच्या हिला नव्हती. धाप लागायची, पण ऑपरेशन होईपर्यंत अवाक्षर बोलली नाही."

"बघ, याला म्हणतात समजूतदार बाई. आता कशा आहेत काकू?"

"मी आता एकटाच असतो."

तेवढ्यात दार उघडून नर्सनं सुताराला आत बोलावलं. "काही त्रास होतो का?"



"धाप लागते," सुतार म्हणाला.