हार्ड डिस्कवर पडलेल्या अक्षता

मला घाबरट म्हणता ना? मग कसबा बावड्यातल्या मामांच्या छापखान्यात काय झालं ते ऐकाच. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये मामांचे लग्नपत्रिकांचे सगळे नमुने. त्याची हार्ड डिस्क खरखरायला लागली, म्हणून ती मरायच्या आत नमुने उतरवून घ्यायला मी तसलीच जुनी, पण चालू डिस्क कुठून कुठून शोधून मामांकडे पोचवली.

दुसऱ्या दिवशी जाऊन जोडली, तर कॉम्प्युटर तिला ओळखच दाखवेना. केबल बदलली, सेटिंग बदललं, काही नाही. तेवढ्यात जुनी डिस्क ‘कट्’ अशी वाजली आणि मी स्टुलावरून ताडकन उठले.

“मामा, गेली वाटतं!”

“असं कसं जाईल? सकाळीच पूजा केलीया की!”

“कशाची?”

“तू आणलेल्या डिस्कची. नवी वस्तू आली की हळदकुंकू, अक्षता. रीत हाय आपली.”

मी केबल उपसून टॉर्च मारला. डिस्कच्या पिनांमध्ये कुंकवानं माखलेला तांदळाचा दाणा रुतून बसला होता, त्यामुळे केबल पूर्ण आत जातच नव्हती. चिमट्यानं दाणा काढला, ब्रशनं कुंकू झाडलं, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. दोन्ही डिस्क दिसल्या! नमुने एकेक करून सगळे उतरले.

“बघ, पूजेचा गुण!” म्हणत मामा आत गेले आणि नारळ घेऊन आले.

“ह्यो कुठं फोडू?”

मी कॉम्प्युटरला मिठीच मारली.