तांदळात लिहिलेलं नाव

— 'बायका आपले आपले प्रोग्राम टाकायला लागल्या, तर दुकानात येईल कोण?' — असं म्हणाले हे, गीतामावशी. मला नाही हो, भावजींना म्हणाले, सकाळी. मी पडद्यामागं कप विसळत होते, आणि नळ कधी बंद झाला ते ह्यांच्या लक्षात आलं नाही. बसा ना, उठू नका. लॅपटॉप बिघडलेला नाही. तुमच्या हातून काहीही झालेलं नाही — आणि गोधडीत काय गुंडाळलंत त्याला? हो, खर्ड्याच्या एसटीत धक्के बसतात, कबूल, पण मला वाटलं तापलेलं लेकरू घेऊन आलात. हसलात. बरं झालं. दोघं चहा आणायला स्टँडवर गेलेत, तोवर सांगते.

हे जुने लॅपटॉप घेतात, त्यात लिनक्स टाकतात — ते फुकट असतं, जुन्या मशीनवरही पळतं — आणि तुमच्यासारख्या बचत गटांना विकतात. त्यात वाईट काही नाही. पण नवीन काही टाकायचं म्हणजे काळी खिडकी उघडायची, त्यात इंग्रजी ओळ लिहायची, एक अक्षर चुकलं की उलट ढीगभर ओळी अंगावर येतात. लग्न होऊन आले तशी मी ह्या खुर्चीत बसते — गप्प बसणारीला सगळं ऐकू येतं, नाही का? — तर माझ्या लक्षात आलं, एकही बाई प्रोग्रामचं नाव सांगत नाही. सांगणार कुठून? प्रोग्रामच्या चित्रांवरून ओळखावं, तर एकात कोल्हा, एकात पेंग्विन. बाया काम सांगतात. तुम्हीच काय म्हणाला होतात? 'पापडाच्या पुड्यावर चिकटवायचा कागूद करायचा हाय.' तेच मी स्क्रीनवर यादी करून लिहिलं, मराठीत, चित्र लावून — पुड्यावरचा कागद करा. अर्ज लिहा. फोटो बारीक करा. खाली एक ओळ, ह्यानं काय होतं त्याची, आणि एकच बटण — 'बसवा'; दाबलं की त्या कामाचा प्रोग्राम आपोआप मशीनमध्ये येतो. नेट नसलं तर 'मोबाईलचं नेट जोडा' एवढंच म्हणेल, लाल अक्षरात ओरडणार नाही. कॉलेजात थोडं शिकले होते, उरलेलं चुकत-माकत. ह्यांना दाखवलं तर केवढे खूश! आल्या-गेल्याला सांगायचे, आमच्या मिसेसनं केलंय. मी एकच म्हणाले — बटण दाबलं की शेवटी पासवर्ड विचारतो, तो ज्याचा त्यानं घालावा, विकतानाच घालून घ्या. 'घेऊ की,' म्हणाले. मी विश्वास ठेवला. का ठेवू नये?

आता हे ऐका. लग्नात ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीनं माझं नवीन नाव लिहिलं. सगळे वाकून बघत होते. पण मी माहेरची सायली, ती इथंही सायलीच — सासूबाईसुद्धा त्याच नावानं हाक मारतात. ते दुसरं नाव तांदळाच्या बाहेर काही आलं नाही — भाताबरोबर शिजलं बहुतेक. मग एकदा हे हळूच म्हणाले, 'सगळ्या मशीनना तुझं तेच नाव पासवर्ड ठेवलंय.' मी इतकी लाजले, मावशी! इथं जामखेडात, तिकडं खर्ड्यात, कुणाच्याही घरी लॅपटॉप दिसला की वाटायचं, आत मी आहे. वेडीच. कुणाला सांगताही येईना, आणि पोटात राहीनाही.

आणि आज सकाळी हर्षलभावजींनी विचारलं, 'वहिनीचं बटण काढून टाकू का?' तर हे म्हणाले, 'राहू दे की. चांगलं दिसतं. दाबून दाबून दमतील अन् येतील इथंच. ते नाव कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तर ठेवलंय.' आणि हसले. भावजी हसले त्याचं काही नाही, ते कशालाही हसतात. पण ह्यांचं ते हसू — नाव सांगताना जे हसले होते ना, तेच. तस्संच. मला वाटायचं, ते माझ्यापुरतं आहे.

तुम्ही मात्र पासवर्ड म्हणून गटाचं नाव घालून बघितलंत, देवाचं बघितलंत, नातीचंसुद्धा बघितलंत. आणि बाया म्हणाल्या, गीताबाईनं मशीन घालवलं, अध्यक्ष बदला — असंच ना? उद्या बाजारात स्टॉल, आणि पुडे अजून कोरे. रडू नका हो. तुम्ही रडलात तर मलाही — नको. पदर नका लावू डोळ्याला, कीबोर्डकडं बघा.

आले. पायऱ्यांवर चप्पल वाजली.

अहो, चहा तिथंच ठेवा. नाही, मशीन मी बघतेय. भावजी, तुम्हीही थांबा. मावशी, सरका पुढं, 'बसवा' दाबा. मागितला पासवर्ड? लिहा, मी सांगते — चैताली. सी, एच, ए, आय, टी, ए, एल, आय. सगळी बारीक अक्षरं. — माझं नाव आहे ते, ह्यांनीच ठेवलेलं. — बघा, बसतंय. आता हे नाव काढून तुमचं काहीतरी घालू. मला सांगू नका. ह्यांना तर नकोच. झालं? मग निघा, खर्ड्याची गाडी लागली असेल. आणि ज्या ज्या गटांनी इथून लॅपटॉप नेलाय ना, त्या सगळ्यांना माझं नाव सांगा.