माझ्या नावाच्या गोळ्या

द्वारकाबाई : हळू काहून बोलून राहिली सिस्टर? टीबी मला झाला, म्या काय चोरी केली? आयकू दे शाळेत आसऱ्याला आलेल्या साऱ्या लोकांला.

शिवकन्या : सवय आहे माझी, आजी. उपकेंद्रात छातीइतकं पाणी शिरलं. रजिस्टरं गेली, फ्रिजमधल्या लसी गेल्या. कपाटाच्या वरच्या फळीवर तुमच्या गोळ्या तेवढ्या कोरड्या राहिल्या. घ्या.

द्वारकाबाई : माझ्या पहिल्याच हायेत कनवटीला. चार दिस झाले पुराला. घर गेलं, भांडी गेली, पर गोळीचा एक खाडा न्हाई. दीड महिना झाला, रोजच्या चार. बराबर.

शिवकन्या : तीन गावं आहेत माझ्याकडं, पण तुमच्यासारखा पेशंट नाही. म्हणून तर वाईट वाटतं, तुम्हाला व्हरांड्यात झोपवायचं. आत लहान लेकरं आहेत ना.

द्वारकाबाई : झोपते की. या वयात मला कोण सून करून नेणार हाय, म्हणून लाजू?

शिवकन्या : बरं, डोळे दाखवा. वर बघा.

द्वारकाबाई : डोळ्याला काय धाड भरली?

शिवकन्या : या गोळ्या एखाद्याच्या लिव्हरला सोसत नाहीत. मग डोळे पिवळे होतात, अन्न जात नाही, उलट्या सुरू होतात. तसं दिसलं की गोळ्या त्याच दिवशी बंद आणि माणूस मोठ्या दवाखान्यात. तुमचे डोळे छान आहेत. झालं.

द्वारकाबाई : आन् बंद न्हाई केल्या तर?

शिवकन्या : तर माणूस हातचं जातं. पण तुम्हाला काय त्याचं?

द्वारकाबाई : आमच्या आरोहीला आजच्या ट्रॅक्टरात बसव.

शिवकन्या : सकाळीच सांगितलं ना, नातीला कावीळ झालीय, उकळलेलं पाणी द्या, ग्लुकोज द्या. पुलाचा भराव वाहून गेलाय. ॲम्ब्युलन्स पलीकडं थांबते. ट्रॅक्टरची दिवसाला एक खेप, जागा चौघांची. दोन हगवणीचे, एक दिवस भरलेली बाई, आणि पद्माबाई.

द्वारकाबाई : पद्माला काय झालं?

शिवकन्या : बीपीच्या गोळ्या वाहून गेल्या त्यांच्या, डोकं धरलंय. आणि ट्रॅक्टर त्यांचा, चालवणारा हरीश त्यांचा. पोराला कसं सांगू, आईला उतरव म्हणून?

द्वारकाबाई : आरोहीची सासू व्हणार हाय ती.

शिवकन्या : मग तुम्हीच बोला. पण काय बोलणार? कावीळ एक दिवस थांबू शकते. तसं मला कोडंच पडलंय. पाण्याची कावीळ चार दिवसांत दिसत नाही, पंधरा-वीस दिवस घेते. रक्त तपासायचं सामान गाळात, फोनला रेंज नाही, डॉक्टरांना विचारू कशी? पोरीनं काही औषध घेतलं का, हे तीनदा विचारलं मी. तिन्ही वेळा तुम्हीच नाही म्हणालात.

द्वारकाबाई : ती थुंकी तिची व्हती.

शिवकन्या : कोणती थुंकी?

द्वारकाबाई : डबीत आणून दिल्ती ना तुला तपासायला, माझी म्हणून.

शिवकन्या : आजी!

द्वारकाबाई : सुपारी फुटली व्हती पोरीची. दिवाळीच्या मागं लगीन. म्हातारीच्या खोकल्यानं कुणाचं लगीन मोडत न्हाई, तिच्या खोकल्यानं मोडलं असतं. मायबिगर वाढवली म्या तिला.

शिवकन्या : म्हणजे गोळ्या ती खात होती. आज सकाळीसुद्धा?

द्वारकाबाई : सकाळीबी. उलटीत पडल्या, म्हणून पुन्यांदा चार दिल्या. खाडा नको पडायला.

शिवकन्या : आणि मी तुम्हाला बाहेर काढलं, तिला आत साठ माणसांत झोपवलं.

द्वारकाबाई : काय बोलायचं ते मागून बोल. उठ आदी.

(बाहेर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज.)

शिवकन्या : डॉक्टरांच्या चिठ्ठीत मला सगळं लिहावं लागेल. पण पद्माबाईंना एवढंच सांगते, कावीळ वाढलीय. आजाराचं नाव नाही घेत.

द्वारकाबाई : काविळीला ती उतरायची न्हाई. वळखते मी तिला. ए हरीश! बंद कर ते धूड. पद्मे, खाली उतर.

पद्माबाई : काहून? सिस्टरनं बसवलंय मला.

द्वारकाबाई : टीबी मला न्हाई, आरोहीला हाय. गोळ्या तिनं खाल्ल्या आन् त्याच तिला बाधल्या. आज गेली न्हाई तर मरते माझी पोरगी. आयकलं?

पद्माबाई : सुपारीच्या दिशी म्या इचारलं व्हतं, पोरगी खोकते काहून. तुमी म्हणले, मिरचीचा ठसका लागला.

द्वारकाबाई : खोटं बोलले. उतर.

पद्माबाई : उतरते बाई. माझ्या बीपीनं काय मी आज मरत न्हाई. हरीश, पोरीला धर, वर घे. न्हाई, थांब. तू नको हात लावू. सिस्टर घेईल.

द्वारकाबाई : कुणी नका लावू. माझी मी उचलते. गळ्यात हात टाक माय, आरोही. हां. अशी.

शिवकन्या : डोकं ताडपत्रीवर नीट टेकवा. चिठ्ठी लिहिते मी, तिकडच्या डॉक्टरांच्याच हातात द्या. वय?

द्वारकाबाई : एकोणीस.

शिवकन्या : वजन?

द्वारकाबाई : त्याचं काय काम आता?

शिवकन्या : गोळ्या वजनावर ठरतात, आजी. त्या चार तुमचं वजन बघून दिल्या होत्या.

द्वारकाबाई : हिला काट्यावर कधी उभीच केली न्हाई म्या. आत्ता उचलली तवा... काहीच भरली न्हाई गं.