अक्कांनी बंद केलेला शब्द

मंडळी, आधी माफी मागतो. माझं नाव मघाशी दोनदा पुकारलं. मी ऐकलं, पण उठलो नाही. वाटलं, सगळे वकीलसाहेब बोलून होऊ देत, मग बघू. असं करता करता फार उशीर झाला. काही जण घड्याळ बघताहेत, तेही मला दिसतंय. थोडकंच बोलतो. निदान तसा प्रयत्न करतो.

माईक चालू आहे ना? मागं ऐकू जातंय? बरं.

मी मल्लिनाथ. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर माझा जन्म गेला. माग कानाशी धडधडायचा, म्हणून मी मोठ्यानं बोलतो. राग मानू नका. शाळा सातवीपर्यंत, तीही पुरी नाही. या फोटोतल्या बाई, आपल्या ॲडव्होकेट गिरिजा बिराजदार, माझ्यापेक्षा वयानं कितीतरी लहान. तरी मी त्यांना अक्काच म्हणत आलो. त्या मला मामा म्हणायच्या. आमच्याकडं असं चालतं. मान वयाला असतो, तसा कामालाही असतो.

मघाशी एका साहेबांनी फार चांगलं भाषण केलं. शेवटी ते म्हणाले, अक्का पलीकडे गेल्या. साहेब, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. सगळेच तसं म्हणतात. पण तो शब्द मला खटकला. का, ते सांगायलाच मी उठलो.

हा शब्द अक्कांनी माझ्या घरात बंद केला होता. पलीकडे. पलीकडचा. पलीकडची. आमच्या घरात आता हा शब्द कुणी काढत नाही.

तुम्ही सोलापूरची माणसं. तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडं सून पलीकडची म्हटली की ती कुठली? इंडीची, आळंदची, विजापूरची. सीमेपलीकडची, म्हणजे कर्नाटकातली. निम्म्या सोलापूरची आजोळं पलीकडं आहेत. त्यात काय एवढं?

माझी सून शेफाली अशीच पलीकडची. रायचूर जिल्ह्यात सिंधनूर आहे, त्याच्या जवळच्या कॅम्पातली. माझा मुलगा सिद्धाराम ट्रकवर असतो. तो तिकडं तांदूळ भरायला जायचा. तिथं दोघांचं जमलं. आम्ही आधी कुरकुर केली, मग लग्न लावून दिलं. ती माणसं मूळची बंगाली. तिचे आजी-आजोबा फार पूर्वी पलीकडून आलेले. थांबा, अक्का रागावतील. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून आले. आपल्याच सरकारनं त्यांना सिंधनूरजवळ आणलं, जमीन दिली, वस्ती बसवली. त्या वस्तीला सगळे कॅम्प म्हणतात. शेफालीचा बाप त्या कॅम्पात जन्मला. तीही तिथंच जन्मली. आईशी फोनवर बंगालीत बोलते, माझ्या बायकोशी कन्नडमध्ये भांडते, आणि नातीला मराठीत ओरडते. मला वाटायचं, एवढ्या भाषा येतात, हुशार पोरगी. या गोष्टीची कधी भीती वाटेल असं मनातही आलं नव्हतं.

मग आमच्या वस्तीत पोलिसांची चौकशी आली. परदेशी माणसं शोधत होते. मी त्यांना दोष देत नाही, त्यांना त्यांचं काम. एक तरुण साहेब होते, आपल्या भागातले नव्हते. शेफाली दारात फोनवर आईशी बोलत होती. त्यांनी आमच्या शेजारच्या कस्तुराबाईंना विचारलं, ही बाई कुठली? कस्तुराबाई तांदूळ निवडत बसलेल्या. मान वर न करता म्हणाल्या,

“पलीकडची हाय की.”

झालं. एवढंच. साहेबांनी लिहून घेतलं, सीमेपलीकडून आल्याचे शेजारी सांगतात. कुठली सीमा, ते ना त्यांनी विचारलं, ना बाईंनी सांगितलं. कस्तुराबाई आज इथं आल्या आहेत. मागं बसल्यात. रडू नका ओ. तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

आम्ही आधार कार्ड दाखवलं. ते म्हणाले, हे राहण्याचं, नागरिकत्वाचं नाही. कुणी काही म्हणालं, कुणी काही. शेवटी तिला जिल्ह्याबाहेर नेऊन ठेवलं. त्या जागेला स्थानबद्धता केंद्र म्हणतात. मला तो शब्द म्हणता येत नव्हता. मी थानबध असं काहीतरी म्हणायचो. अक्कांनी मला तो नीट म्हणायला लावला. म्हणाल्या, मामा, माणूस कुठं आहे ते नीट सांगता आलं पाहिजे, तरच त्याला बाहेर काढता येतं.

नवी पेठेत कापडाच्या दुकानावर अक्कांचं ऑफिस. जिना असा अरुंद, की वर जाणाऱ्यानं खाली येणाऱ्याला वाट द्यावी लागते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जिन्यातच बसून राहिलो. वाटलं, हाकलून दिलं तर? अशा केसला कुणी हात लावत नाही असं ऐकलं होतं. अक्का खाली आल्या, माझ्या शेजारी पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, सांगा. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लावलं तेव्हा मी चिडलो. म्हणालो, अक्का, सून पलीकडची आहे, एवढंच आहे सगळं. तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“मामा, पलीकडची म्हणू नका. गावाचं नाव घ्या.”

पुढं हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, कसं सांगू? चहा पिताना बोललो तरी टोकायच्या. बायकोला फोनवर टोकायच्या. पलीकडच्या दुकानातून साखर आणतो म्हटलं, तरी विचारायच्या, कुठल्या दुकानातून? आम्ही हसायचो. पण त्या म्हणायच्या, या केसमध्ये परकी नाही हे आपणच सिद्ध करायचं असतं. कायदाच तसा आहे. समोरच्यानं काही सिद्ध करायचं नाही. मग आपल्या तोंडातला एक शब्दही सैल असून चालत नाही.

पण त्यांनी पहिलं काम शब्दाचं केलं नाही. पहिल्यांदा त्या कोल्हापूरला हायकोर्टाच्या खंडपीठात धावल्या. म्हणाल्या, तिचं म्हणणं ऐकल्याशिवाय तिला कुठं पाठवू नका, एवढं आधी मागते. खरं-खोटं नंतर. मला ते कळत नव्हतं. मला वाटायचं, आधी खरं सिद्ध करा की! अक्का म्हणाल्या, मामा, माणूस सीमेवर नेऊन सोडला, तर खरं सिद्ध करून कुणाला देऊ?

मग आम्ही दोघं सिंधनूरला गेलो. बसनं. मी वाटेत दहा वेळा विचारलं असेल, बस बरोबर लागली ना, परतीची मिळेल ना, कुणी बोलेल ना आपल्याशी. अक्का खिडकीत बसून शेंगा सोलत होत्या. मला म्हणाल्या, मामा, तुमची काळजी जरा माझ्याकडं द्या, तुम्ही शेंगा धरा.

कॅम्पात शेफालीच्या आईनं आम्हाला एका म्हाताऱ्या बाईकडं नेलं. शेफालीचा बाप जन्मला तेव्हा ही बाई शेजारच्या झोपडीत होती. बाप भारतात जन्मला हे ठरलं, तर लेकही इथलीच ठरते, असं अक्का म्हणायच्या. बाप आता नाही, म्हणून तिच्या साक्षीला मोल होतं. अक्कांनी कन्नडमध्ये विचारलं, तो कुठं जन्मला? म्हातारीनं काठी जमिनीवर आपटली आणि म्हणाली, “इल्ले हुट्ट्यान.” म्हणजे इथंच जन्मला. अक्का म्हणाल्या, आजी, इथं म्हणजे कुठं, गावाचं नाव घ्या. म्हातारी चिडली. ही बाई इथं बसून इथं म्हणजे कुठं विचारते, डोकं फिरलंय का हिचं? पण अक्कांनी तिच्याकडून कॅम्पाचं नाव, तालुका, जिल्हा, सगळं वदवून घेतलं.

तेवढ्यात वाटेनं जाणाऱ्या कुणीतरी म्हातारीला विचारलं, हे पाहुणे कोण? म्हातारी म्हणाली,

“आ कडे मंदी.”

ज्यांना कन्नड कळतं ते हसले बघा. आ कडे मंदी, म्हणजे पलीकडची माणसं. आम्ही! सोलापूरचे! अक्का इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाल्या, मामा, बघा, आपण पण पलीकडचेच.

त्या हसण्याचा पुढं उपयोग झाला. कोल्हापूरला सुनावणी होती. मी शेवटच्या बाकावर. सगळं इंग्रजीत चाललेलं. मला एक अक्षर कळत नव्हतं. आणि त्या इंग्रजीत मधेच अक्कांच्या तोंडून एक मराठी शब्द आला. पलीकडे. मी ताठ बसलो. मग पुन्हा, पलीकडे. मग कन्नड आलं, आ कडे मंदी. समोर न्यायमूर्तींनी चष्मा काढला आणि काहीतरी विचारलं. अक्का बोलल्या. न्यायमूर्ती जरा हसले. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? अक्का म्हणाल्या, त्यांनी विचारलं, मग सोलापूर अलीकडे की पलीकडे? मी म्हणाले, ते तुम्ही कुठं उभे आहात यावर अवलंबून आहे.

त्या दिवशी आदेश झाला. पुढच्या सुनावणीपर्यंत शेफालीला कुठंही पाठवायचं नाही. सुटली नाही. पण पाठवलंही नाही. बापाच्या जन्माचे सरकारी कागद तिकडच्या कचेरीतून मागवलेत. अजून आलेले नाहीत.

मंडळी, तुम्ही म्हणाल, शेफाली इथलीच होती, म्हणून अक्का लढल्या. तसं नाही. आमच्याच शेडमध्ये एक कामगार होता, तो खरोखर बांगलादेशातून आलेला. त्यानंच ते कबूल केलं. अक्का त्याच्यासाठीही उभ्या राहिल्या. मला ते पटलं नव्हतं. मी म्हणालो, अक्का, तो तर खरंच तिकडचा आहे, त्याच्यासाठी कशाला? अक्का म्हणाल्या, जायचं असेल तर जाईल, पण सांगून-सवरून जाईल. त्याला कळेल अशा भाषेत कुणीतरी विचारेल, त्याच्या घरी कळवलं जाईल, आणि लेकराला भेटून जाईल. तेवढं मागायला तो कुठला, हे कशाला बघायचं? त्या माणसाला शेवटी परत पाठवलं. पण लेकराला भेटवून पाठवलं. हे अक्कांनी केलं.

बाररूममध्ये त्यांची चेष्टाही व्हायची, मला माहीत आहे. एक साहेब म्हणाले होते, अक्का, तुम्ही आता पासपोर्ट ऑफिस उघडलंत की काय? अक्का म्हणाल्या, व्हय की, आधी तुमचंच तपासते, तुमचं आजोळ आळंदचं ना? ते साहेब आज इथं पुढं बसलेत. मघापासून त्यांनी मान वर केलेली नाही. साहेब, ती चेष्टाच होती. अक्कांनी कधी मनावर घेतलं नाही. घरी येऊन आम्हाला हसून सांगितलं होतं.

त्यांना बरं नव्हतं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. जिना चढताना थांबायच्या. मला वाटायचं, मी म्हातारा म्हणून माझ्यासाठी थांबतात. मी म्हणायचो, चला की अक्का, मी येतो. आता कळतं, कुणासाठी थांबत होत्या ते.

मी लांबण लावली. आता मुद्द्याचं सांगतो, आणि ते सांगायला मला लाज वाटते. शोकसभेत कुणी काम मागतं का? लोक काय म्हणतील? रात्रभर मी हेच घोळवत होतो. बायको म्हणाली, बोलू नका, बरं दिसत नाही. मग मीच तिला म्हणालो, अक्का असत्या तर काय म्हणाल्या असत्या? तिनं माझी टोपी काढून दिली.

शेफालीला अजून माहीत नाही. अक्का गेल्या हे तिला कुणी सांगितलेलं नाही. रविवारी सिद्धाराम भेटायला जाणार आहे. जाळीच्या त्या बाजूनं ती पहिला प्रश्न विचारेल, अक्का कशा आहेत? त्याला सांगावंच लागेल. मग ती दुसरा प्रश्न विचारेल. मग आता कोण? त्याचं उत्तर माझ्या पोराकडं नाही. माझ्याकडं नाही. सुनावणी जवळ आली आहे, आणि वकीलपत्रावरची सही ज्यांची, त्या या हाराखाली आहेत.

इथं एवढे वकील बसलेत. मी कुणाकडं बोट दाखवत नाही. कोणी मोठा पाहिजे असंही नाही. जिन्यात बसून एकच गोष्ट तीनदा ऐकून घेईल, असा कोणीही चालेल. केस तयार आहे. साक्षी लिहून झाल्यात. म्हातारी अजून धडधाकट आहे, काठी आपटत येईल. फक्त उभं राहायचं आहे.

आता आपण सगळे उठून उभे राहू आणि अक्कांसाठी शांत राहू. जेवढा वेळ तुम्हाला योग्य वाटेल तेवढा. मी मनात म्हणेन, अक्का, नमस्कार. तुम्ही कुठं गेलात ते मला ठाऊक नाही, म्हणून मी त्या जागेचं नाव घेत नाही. आणि पलीकडे तर म्हणणारच नाही.

त्यानंतर मी दारापाशी, चपलांजवळ उभा राहतो. कुणी घेणार असेल तर जाता जाता मला सांगा. आज जमलं नाही, विचार करायचा असला, तर करा. मी समजू शकतो, अशी केस घ्यायची म्हणजे घरी विचारावं लागतं. पण रविवारच्या आत निरोप पाठवा. कस्तुराबाईंना सांगा, त्या मला सांगतील. आता त्या नीट सांगतात.

पोरीला सांगायला मला एक नाव पाहिजे. नुसतं, कोणीतरी बघेल, असं नको. नाव पाहिजे. लवकर कळवा.