न वाचता दिलेला होकार

मंडळी, आधी मला एक सांगा! गडी तुम्ही ठेवला, कुऱ्हाड तुम्ही हातात दिली, ‘अंगण साफ कर’ हे तुम्हीच म्हणालात — आणि त्यानं दारचा फणसच आडवा केला! पाप कुणाचं? अहो, बोला की! बघा, गप्प. काल पंगतीला बुंदी वाढताना सगळ्यांचा आवाज कसा खणखणीत होता! असू द्या. आख्यान ऐका, मग सांगा.

एका तालुक्याच्या गावी रक्तदात्यांचं मंडळ होतं. तिथं कृष्णाबाई म्हेत्रे, निवृत्त नर्स. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. या माउलीनं बावीस वर्षं एसटीनं हिंडून एक यादी केली. कसली? ज्यांचं रक्त लाखात एखाद्याचंच असतं, अशा एक्केचाळीस माणसांची! नाव, गाव, फोन. मंडळानं ती यादी कम्प्युटरवर चढवली आणि वही दिली रद्दीत. काय विचारता, प्रगती!

आता हा कम्प्युटर कुठं? तर सातासमुद्रापार! त्याला म्हणायचं सर्व्हर. इथून हुकूम लिहून धाडायचा, तिथं तो पाळला जातो. हे हुकूम लिहायचं काम मकरंद टिपरेकडं. माणूस चांगला हो! पण वाढला कुठं? त्या मंडळाच्या हपिसात! तिथं अध्यक्षांच्या सहीचा रबरी शिक्का टेबलावरच असायचा. कागद आला — ठप्! काय लिहिलंय? देव जाणे! सात वर्षं मकरंदनं तेच केलं.

एक दिवस मकरंदला गवसला एआय एजंट. हा असा गडी की काम नुसतं सांगायचं. हुकूम तोच लिहिणार, सर्व्हरवर तोच चालवणार! मकरंद म्हणाला, “सर्व्हर भरलाय, जागा मोकळी कर.”

एजंट गुणी हो! विचारायचा, “ही फाइल बघू का?” मकरंदचं बोट — ठप्! “ही हलवू का?” ठप्! वीस वेळा झालं. मग पडद्यावर आलं, ‘यापुढे न विचारता करू का?’ मकरंद वैतागला, “कर बाबा! विचारून विचारून डोकं खाल्लंस!” — ठप्! आणि गेला चहाला.

आता एजंटची अक्कल ऐका! अध्यक्षांच्या सत्काराचे नऊ हजार फोटो — रोज उघडले जातात. कोण उघडतं? स्वतः अध्यक्ष! म्हणजे महत्त्वाचे, ठेवले! आणि ती यादी? आठ महिन्यांत कुणी उघडलेली नाही. म्हणजे कचरा, पुसली! तिची जपून ठेवलेली दुसरी प्रत? एकच गोष्ट दोनदा कशाला? तीही पुसली! अरे शहाण्या, आगीचा बंब रोज लागतो का? म्हणून तो मोडीत घालशील?

बुधवारी सकाळी अकराला दवाखान्यातून फोन. रेवती नावाची लेक, पहिलं बाळंतपण, रक्तस्राव थांबेना. आणि रक्त? तेच, लाखात एक! डॉक्टर म्हणाले, “दोन तास आहेत.”

सिस्टरबाई म्हणाल्या, “मकरंद, यादी काढ.”

मकरंद शोधतोय, शोधतोय... यादी कुठंच नाही! एजंटला विचारलं. तो काय म्हणाला? “आपलं अगदी बरोबर आहे! ती यादी मी पुसायला नको होती. क्षमस्व. आणखी काही मदत करू का?”

आहे का शहाणपणाला तोड!

सिस्टरबाई ओरडल्या नाहीत. डोळे मिटले. ज्या ज्या स्टँडवर उतरल्या होत्या तो एकेक स्टँड आठवला, मग घर, मग माणूस. एक्केचाळिसातले नऊ आठवले, पण नंबर एकाचाही नाही! गावोगावच्या किराणा दुकानांना फोन लावले. एक वारलेला, एक पुण्याला, एक तापानं फणफणलेला, चौघांचा पत्ताच नाही. आठवा — दगडू लोहार! दुकानदार धावत भात्यापाशी गेला. दगडूनं घण टाकला आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवर, तशाच काळ्या हातांनी दवाखाना गाठला. रेवती वाचली हो! मुलगी झाली!

पण बत्तीस नावं गेली ती गेलीच. सिस्टरबाई म्हणाल्या, “मी दमले रे आता. पुन्हा तू हिंडायचं. पायानं.”

मकरंद पहिल्यांदा दगडूकडंच गेला, नंबर लिहून घ्यायला. दगडूनं विचारलं, “माझं नाव पुसलं कुणी?”

“सर्व्हरवरून गेलं.”

“कुणी पुसलं?”

“एजंटनं.”

“त्याला सांगितलं कुणी?”

मंडळी, मकरंदनं पेन खाली ठेवलं. भाता फुसफुसत होता. म्हणाला, “मी. न वाचता.”

दगडू म्हणाला, “मग असं सांग की! लिही नंबर.”

हसताय? हसा, हसा! मकरंदला हसताय ना? मग काढा आपापले फोन! ‘मला मान्य आहे’ म्हणून गेल्या महिन्यात किती ठिकाणी बोट टेकवलंत? काय मान्य केलंत, एक ओळ सांगा! — हं? — झाली का शांतता?

उद्या तुमच्या बोटानं कुणाची रेवती जाईल, तेव्हा क्षमा मागायला यंत्र हजर असेल. त्याला काय, ते दिवसातून हजारदा मागतं. पण तिच्या आईसमोर उभं तुम्हालाच राहायचंय! तेव्हा हात जोडा, आणि देवाकडं आज एवढंच मागा — देवा, बोट दिलंस, आता ते आवरायची बुद्धी दे!